बाप्पाची चाल

१० जून २०२५, मंगळवार

हितू घरी बसला त्याला महिना होत आला. आजपासून काही घडेल त्या दिवशी लिहायचं ठरवलं आहे. औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची बॅच बिघडली की आम्ही आधी लिहून काढायचो आणि मग बोलायचो. बोलून झाल्यावर लिहिणाऱ्यांच्या बॅचेस पुन्हा बिघडत.

तर लिहिते. हितेंद्र माझा धाकटा भाऊ, वय सत्तावन्न. परळच्या एका गाळ्यात लिओनार्डचा ॲनिमेशनचा स्टुडिओ आहे, तिथे त्याने तीस वर्षं कागदावर चित्रं काढली. त्याचं काम चालण्याचं. जाहिरातीत किंवा मुलांच्या मालिकेत कुणी चालत आलं, मग ती म्हातारी असो, कोंबडी असो की टूथब्रश, ती चाल हितूची. एकेका पावलाला डझनभर कागद. लिओनार्ड म्हणायचा, "चेहरा कोणीपण काढतो मॅन, पाय हितूचे." मे महिन्यात लिओनार्डनेच चित्रं काढायची, खालून दिवा असलेली टेबलं भंगारात काढली. आता तिथे दोन मुलं कंप्युटरला वाक्य लिहून सांगतात आणि कंप्युटर चित्र हलवून देतो. त्या दिवशी हितूने घरी येऊन डबा घासला आणि म्हणाला, "ताई, उद्यापासून डबा नको."

त्यानंतर त्याने पेन्सिल हातात घेतलेली नाही. फोनवर बोलतानासुद्धा वर्तमानपत्राच्या कडेला पाय काढत बसणारा माणूस. आता रद्दीतल्या सगळ्या कडा कोऱ्या आहेत.

आम्ही दोघंच. करी रोडला चाळ होती तिथे टॉवर झाला, त्यात सतराव्या मजल्यावर राहतो. मी निवृत्त आहे, मला वेळ आहे. माझं मत स्पष्ट आहे: यंत्र वाईट नसतं, सवय वाईट असते. आमच्या लॅबमध्ये नवं यंत्र आलं तेव्हा निम्म्या बायका रडल्या होत्या. मी त्याचं मॅन्युअल घरी आणून वाचलं आणि पंधरा दिवसांत त्यांना शिकवलं. हितूच्या हातात पुन्हा पेन्सिल आली पाहिजे. कुठल्याही प्रकारची पेन्सिल चालेल.


१४ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोडला जाऊन चित्रं काढायचा टॅब्लेट आणला. पडद्यावरच काढायचं, पेन सोबत येतं. दुकानदार मला बघून म्हणाला, "नातवासाठी का मावशी?" मी म्हटलं, "भावासाठी. आणि डबा फोडून दाखवा, बंद डबा मी घेत नाही."

वस्तूबद्दल मत: पेनाला बॅटरी लागत नाही, हे उत्तम. दाब कमीजास्त केला की रेघ बारीक-जाड होते, तेही ठीक. कागदासारखी खरखर हवी असेल तर पडद्यावर चिकटवायची फिल्म वेगळी मिळते, हे मात्र मला पटलं नाही. आधी वस्तू गुळगुळीत करायची आणि मग खरखर निराळी विकायची.

हितूने टॅब्लेट बघायच्या आधी साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. स्टुडिओत जाताना धुवायचा तसे. मला बरं वाटलं. त्याने पेन हातात घेतलं, पडद्यावर टेकवलं, उचललं. "छान आहे ताई. महाग असेल." मग पुसून, डब्यात घालून, डबा कपाटावर ठेवला. खाली ठेवला असता तर हाताशी राहिला असता. मी तो पुन्हा खाली आणून ठेवला आहे.


२२ जून, रविवार

व्हिडिओ गेम. हा नवा प्रकार घरात आला आहे. स्टुडिओतल्या एका मुलाने जुनं गेमचं यंत्र हितूला देऊन टाकलं. टीव्हीला जोडायचं, हातात दोन कानांचा कंट्रोलर. खेळ कुठल्याशा अमेरिकी शहरातला. गाड्या पळवायच्या, माणसं मारायची, पोलीस मागे लागतात. सत्तावन्नाव्या वर्षी हे.

पण हा काही पळवत नाही. आपल्या माणसाला एका नाक्यावर उभं करतो आणि येणारेजाणारे बघत बसतो. सकाळचा चहा तिथेच, जेवण तिथेच.

मी विचारलं, "खेळ कधी सुरू होणार?"

"हा बघ ना, टोपीवाला. गुडघा उशिरा येतो त्याचा."

"मग?"

"काही नाही. कुणीतरी बसून केलंय हे. दहा वर्षांपूर्वी असेल."

माझं मत: चित्रं अप्रतिम आहेत, डांबरावर ओल दिसते, दुकानाच्या काचेत समोरचा सिग्नल दिसतो. बुद्धीचा मात्र इतका खर्च करून शेवटी काय, तर गाड्या चोरायच्या. रागीट माणसांनी श्रीमंत होऊन बनवलेली वस्तू वाटते.

संध्याकाळी त्याने आपला माणूस त्या शहराच्या किनाऱ्यावर नेला आणि सरळ पाण्यात चालवत राहिला. पडदा निळा झाला, मग करडा. मी म्हटलं, पोहायचं बटण नाही का? म्हणाला, "आहे." पण दाबलं नाही. माणूस बुडाला आणि हॉस्पिटलच्या दारात पुन्हा उभा राहिला, तसा हितूने तो परत समुद्राकडे वळवला. खेळालाही शिस्त लागते. ती नाही.


८ जुलै, मंगळवार

आज लिहिण्यासारखं काही आहे.

आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष राजाराम आला होता. हा चाळीत शेजारच्या खोलीत वाढला, माझ्याकडे गणिताला बसायचा आणि उत्तर मागच्या पानावरून उतरवायचा. म्हणाला, यंदा हलणाऱ्या पुतळ्यांचा देखावा नको, त्या मोटरी भर आरतीत बंद पडतात. मोठा पडदा लावायचा आणि त्यावर पाच मिनिटांची फिल्म. "कसं ताई, बाप्पा चालत चालत आपल्या गल्लीत येतो. गिरणीचा भोंगा होतो, पाळी सुटते, बाप्पा सगळ्यांना भेटतो आणि परत जातो. हितूदा आपल्या घरातला माणूस आहे, बाहेर कशाला जाऊ?"

हितूने कंट्रोलर खाली ठेवला. टीव्ही बंद केला नाही, पण ठेवला.

"बाप्पा चालत येतो?" त्याने विचारलं.

"हां. चालतच."

"उंदीर?"

"उंदीर मागून. काय आहे त्यात?"

हितू उठला, विजेच्या बिलाचा लिफाफा घेतला, पेन्सिल शोधली. ती सापडेना, म्हणून मी माझी दिली. त्याने उभ्याउभ्या फ्रिजवर लिफाफा धरून चार आकृत्या काढल्या. राजाराम मान वाकडी करून बघत होता.

"वजन आहे रे त्याला," हितू म्हणाला. "आणि पाय आखूड. पण तो दमत नाही, कारण देव आहे. आणि लहान मूल आहे, म्हणून घाई आहे. हे बघ, पोट आधी येतं. पोट पुढे येऊन थांबतं, मग मागून बाप्पा पोचतो. मग सोंड. सोंड सगळ्यात शेवटी."

"भारीच!" राजाराम म्हणाला. "कधी मिळेल?"

"नीट करायचं तर दिवाळी."

"हितूदा, यंदा गणपती ऑगस्टात आहेत."

राजाराम हसला, मीही हसले. हितूपण हसला, असं मला वाटतं. लिफाफा मी या वहीत ठेवणार होते, पण बिल भरायचं आहे.


११ जुलै, शुक्रवार

तोडगा काढला. मुख्य चित्रं हितू काढेल आणि मधली चित्रं यंत्र भरेल. तसा एक प्रोग्राम आहे. पावलाचं पहिलं चित्र द्यायचं, शेवटचं द्यायचं, मधलं तो काढतो. प्रोग्राम मी शिकेन, त्याच्यावर तो ताण नको.

हितूला विचारलं. म्हणाला, "चालणं मधल्यातच असतं, ताई."

मी म्हटलं, "मंडळाची मुदत मधल्यात नसते."

"तू कर मग," तो म्हणाला. वाद घातला नाही. चांगलं लक्षण आहे.


२४ जुलै, गुरुवार

प्रोग्राम आला. माझं मत सविस्तर लिहून ठेवते.

गुण: न कुरकुरता कितीही वेळा तेच करतो. चूक दाखवली की माफी मागतो, इतक्या नम्रपणे की चीड येते. मी मराठीतून सूचना लिहिल्या तरी त्याला कळतात. दोष: हाताची बोटं मोजता येत नाहीत, बाप्पाच्या चार हातांपैकी एक हात दोनदा नाहीसा झाला. मोदकाला लसूण समजतो. उंदराला कुत्र्याची शेपटी लावली. हे सगळं मी दुरुस्त करून घेतलं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि आवाज चढवायचा नाही. दुसरं जमतं, पहिलं जड गेलं.

हितूने दिलेल्या चित्रांवरून पहिलं पाऊल तयार झालं. बाप्पा चालला! मी टाळी वाजवली. वयाला शोभलं नाही, पण वाजवली.

हितूला बोलावून दाखवलं. त्याने ते परत परत लावायला सांगितलं.

"पोट बरोबर येतंय," तो म्हणाला.

"मग झालं तर."

"बरोबर येतंय, ताई. आधी नाही. सगळंच एकदम येतंय."

"लोक लांबून बघणार आहेत, हितू."

"हो. गुळगुळीत झालंय छान."

एवढी दाद त्याने लिओनार्डलासुद्धा कधी दिली नसेल. पुढच्या दृश्याची चित्रं मागितली तर म्हणाला, पहिलीच वापर, यंत्राला पुरतील. खरंच पुरली. यंत्र बाप्पा ओळखायला लागलं आहे.


१२ ऑगस्ट, मंगळवार

फिल्म जवळजवळ पूर्ण. हितूने गेले काही दिवस एकही चित्र दिलेलं नाही, पण मला गरजच पडली नाही. हे लिहिताना थोडं विचित्र वाटतंय. मी हे सगळं त्याच्या हातात पेन्सिल यावी म्हणून सुरू केलं होतं. पण एकदा नाव झालं, देखाव्याखाली "चित्रे: हितेंद्र" अशी पाटी लागली, की पुढची कामं येतील आणि तो बसेल. आधी नाव, मग काम. नोकरीत मी हेच पाहिलं.

आज मोठी युक्ती केली. बाप्पा येतो ते दृश्य तयार आहे, तो परत जातो ते बाकी होतं. प्रोग्राममध्ये चित्र आरशासारखं उलटवायचं बटण आहे. ते दाबलं. गल्लीच्या या टोकाकडून येणारा बाप्पा त्या टोकाकडून येऊ लागला, आणि मागची पार्श्वभूमी बदलली की तो परत निघाला! एका बटणात अर्धं काम. हितू पोह्यांची बशी घेऊन मागे उभा होता. म्हटलं, बघितलंस? म्हणाला, "बघितलं." बशी चाटूनपुसून खाल्ली.


२४ ऑगस्ट, रविवार

आज मांडवात ट्रायल होती. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

मूर्ती अजून यायची आहे, पण पडदा लागला होता. मंडळाची पोरं, बायका, आमच्या मजल्यावरची शेवंतीकाकी पहिल्या खुर्चीत. काकी नव्वदीला टेकली आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळं दिसतं. भोंगा झाला, बाप्पा आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. राजारामने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मग बाप्पा परत निघाला आणि काकी मोठ्याने म्हणाली,

"गो बाय माझे! येताना सोंड डावीकडे होती, जाताना उजवीकडे कशी गेली गो?"

कुणी हसलं नाही. राजारामने फिल्म थांबवली. बाप्पा पडद्यावर एक पाय उचलून उभा, सोंड उजवीकडे. आरशात उलटवल्यावर सोंडही उलटणार, हे मला, रसायनशास्त्राच्या पदवीधर बाईला, सुचलं नव्हतं.

"उजव्या सोंडेचा कडक असता," काकी म्हणाली. "त्याचा सोवळा तुमका झेपात? गुटखो खाऊन आरतीक उभे रवतास."

"ताई, काय केलंत हो," राजाराम हळू आवाजात म्हणाला. "वर्गणीदार सोलून काढतील आम्हाला. काही बरंवाईट झालं गल्लीत, तर उद्या याच्यावरच येणार."

मी म्हटलं, दुरुस्त करून देते. कसं ते मला माहीत नव्हतं.

घरी येताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. हितू मजल्यांचे आकडे बघत होता. दहाव्या मजल्याच्या आसपास म्हणाला, "जानवंही उजव्या खांद्यावर गेलं होतं. अपसव्य. ते काकीला दिसलं नाही."

अपसव्य जानवं श्राद्धाला करतात. बाबांचं केलं तेव्हा हितूनेच केलं होतं.

"तुला दिसलं होतं?"

"हो."

"कधी?"

"तू बटण दाबलंस तेव्हाच."

"मग तोंड उघडायला काय झालं होतं तुला!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. दोषी चेहरा असता तर मला ओरडता आलं असतं. पण तो खरोखरच विचार करून उत्तर देत होता.

"मला वाटलं, हल्ली चालतं."


२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी त्याला सरळ सांगितलं: जाण्याचं दृश्य तू काढ. हाताने. कागदावर, टॅब्लेटवर, भिंतीवर, कशावरही. उद्या रात्रीपर्यंत.

"नाही होणार, ताई."

"होणार नाही की करणार नाहीस?"

"जायची चाल वेगळी असते. जाताना वजन मागे राहतं. ती मला..." त्याने हात पुढे केला आणि स्वतःच्या बोटांकडे बघितलं, उसनी आणल्यासारखं. "येत होतं मला ते. आता आठवत नाही कसं करायचो."

"तीस वर्षांचं काम कुणी तीन महिन्यांत विसरत नाही."

"नाही ना?" तो म्हणाला.

मी पीठ मळायला घेतलं.


१ सप्टेंबर, सोमवार

राजारामनेच मार्ग काढला. जाण्याचं दृश्य कापून टाकलं आणि येण्याचं पुन्हा पुन्हा लावलं. बाप्पा गल्लीत येतो, भोंगा होतो, बाप्पा गल्लीत येतो, भोंगा होतो. लहान मुलं प्रत्येक वेळी नव्याने टाळ्या वाजवतात. लालबागचे मोठे गणपती बघून परतणारे लोकसुद्धा आमच्या पडद्यासमोर थांबतात आणि फोन वर धरतात.

"उलट भारी झालं ताई," राजाराम म्हणाला. "आपला बाप्पा जातच नाही!"

पाटी लागली आहे: चित्रे, हितेंद्र. त्याला बघायला चल म्हटलं. खिडकीतून भोंगा ऐकू येतो, तेवढं पुरे म्हणाला. दिवसभर ऐकू येतो. काल मी कानात कापूस घालून बसले.


१६ सप्टेंबर, मंगळवार

लिओनार्ड आला होता. ठाकूरद्वारहून टॅक्सीने, हातात केकचा बॉक्स. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. दारात बूट काढायला त्याने जरा जास्तच वेळ लावला.

"वैदेही, तू मला घरात घेणार की नाही?"

"केक आत येऊ दे, मग ठरवते."

आत आल्यावर तो हितूच्या शेजारी बसला. दोघं टीव्हीवरच्या त्या अमेरिकी नाक्याकडे बघत राहिले. लिओनार्ड म्हणाला, "तो टोपीवाला बघ. गुडघा लेट येतोय."

"हो," हितू म्हणाला.

मग लिओनार्डने काम सांगितलं. परदेशातली एक कंपनी चालायच्या फिल्मा बनवणारं यंत्र तयार करते आहे. त्यांना जाणकार माणूस हवा. यंत्राने केलेली चाल बघायची. बरोबर असेल तर टिक, चुकीची असेल तर फुली, आणि काय चुकलं ते एका ओळीत. घरबसल्या, लॅपटॉप ते देणार.

"म्हणजे मी त्याला शिकवायचं," हितू म्हणाला.

"शिकवायचं कसलं मॅन, मार्क द्यायचे. तू नाय केलं तर कोणीतरी पोरगा करेल, त्याला काय कळतंय?" लिओनार्डचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या हातात असतं ना हितू, तर ती टेबलं..."

"माहितीये रे."

मी मध्ये पडले. म्हटलं, हे तर क्वालिटी कंट्रोल झालं, माझं जन्मभराचं काम. यात कमीपणा कसला? नापास करणारा माणूस नसेल तर सगळा बाजार निकृष्ट मालाने भरेल. हितू हो म्हणाला. केक चांगला होता.


५ ऑक्टोबर, रविवार

हितू आता सकाळी दाढी करून नऊ वाजता लॅपटॉपसमोर बसतो. माझ्या मनासारखं झालं आहे. गेमचं यंत्र बंद.

त्या प्रोग्रामबद्दल मत: अत्यंत सुटसुटीत. डावीकडे चालणारा माणूस, उजवीकडे दोन चौकोन. मी मागे उभी राहून बघते. हितू एका नजरेत फुली मारतो. "टाच तरंगते." "खांदा दोन्ही बाजूंना सारखा." "बाई गरोदर आहे पण पोटाला माहीत नाही." हे शेवटचं वाचून मला हसू आलं, तो हसला नाही.

पहिल्या आठवड्यात फुल्याच फुल्या होत्या. आता निम्म्याहून अधिक टिका येतात. म्हटलं, बघ, तुझ्यामुळे सुधारतंय. म्हणाला, "हो. फार लवकर शिकतं." शाळेत वर्गातल्या हुशार मुलाबद्दल बोलावं तसा स्वर होता.

काल एका चालीपाशी तो थांबून राहिला. लुंगीवाला म्हातारा, एक पाय किंचित ओढत चाललेला, प्रत्येक पावलाला मान जराशी होकार देणारी. मला ओळखीचा वाटला. विचारलं, कोण रे हा?

"बाबा," हितू म्हणाला.

खरंच, बाबा गिरणीच्या लूमखात्यातून घरी यायचे तसे. हितूने जुन्या मालिकेत वॉचमनला ती चाल दिली होती. लिओनार्डने स्टुडिओची सगळी जुनी चित्रं कंपनीला दिली असणार.

"मग काय देणार?"

"काय देणार! चूक कुठे आहे?" त्याने टिक केली.


२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

ओवाळलं. हितूने ओवाळणीत मनगटी घड्याळ दिलं, पावलं मोजणारं. बंद डब्याबद्दल मी काही बोलले नाही.

मत: वस्तू उर्मट आहे. मी बसलेली दिसले की मनगटाला धक्का देऊन उठायला सांगते. मला अशी माणसं आवडतात. काळजाचे ठोके, झोप, जिने, सगळं दाखवते. कसं लावायचं ते हितूने आधी स्वतःच्या हाताला लावून दाखवलं, तर पट्टा शेवटच्या भोकातही सैल, घड्याळ गोल फिरून खाली गेलं. आकडा काही दाखवीना. म्हटलं, जेवत जा नीट. अनारसे केले होते, त्याने अर्धा खाल्ला.

काम संपत आलं आहे. आता दिवसभरात फुली क्वचितच पडते. लिओनार्डचा फोन होता: कंपनी बेहद खूश आहे, आता नवीन काहीतरी करायचं म्हणतात. नवीन म्हणजे काय ते त्यालाही नीट कळलेलं नाही. हितूला विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाला, "मला वाटायची पाळी कुठे आहे, ताई." सणाच्या दिवशी असं बोलू नये, एवढंच मी म्हटलं.


२ नोव्हेंबर, रविवार

लिओनार्ड मोठी बॅग घेऊन आला. आत काळे पट्टे, प्रत्येकावर काडेपेटीएवढी डबी. मनगट, कोपर, कंबर, गुडघे, घोटे, सगळीकडे बांधायचे आणि चालायचं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक करडा माणूस तसाच चालतो, त्याला चेहरा नसतो. कंपनीला आता टिका-फुल्या नकोत, यंत्र आपलं आपण तपासतं. त्यांना खऱ्या माणसांच्या चाली हव्यात. भारतातल्या, पन्नाशीच्या पुढच्या.

"आधी हितू," लिओनार्ड म्हणाला. "खिडकीपासून दारापर्यंत. नॉर्मल चाल रे, ॲक्टिंग नको."

हितू चालला. करडा माणूस दोनदा थरथरला आणि थांबला. लिओनार्डने पट्टे आवळले. हितू परत चालला. पडद्यावर लाल अक्षरं आली: हालचाल अपुरी, पुन्हा नोंदवा.

"पाय जरा उचल ना, मॅन."

"उचलतोय."

पुन्हा. पुन्हा लाल अक्षरं. मी खुर्चीत बसून बघत होते. पाय जमिनीवरून उचलला जात होता की नुसता पुढे सरकत होता, मला सांगता येईना. मीच ते इतके दिवस घरात बघत होते आणि माझ्या नजरेला ते एकदाही खुपलं नव्हतं.

"बॅटरी वीक असेल," लिओनार्ड म्हणाला. "वैदेही, तू बांधून बघ. टेस्टिंगला."

मी बांधले. खिडकीपासून दारापर्यंत गेले, परत आले. करडी बाई ठाकठीक चालत होती, घरच्या धन्यासारखी. पडद्यावर हिरवं आलं. लिओनार्डने लॅपटॉप बंद केला आणि कुणाकडेही न बघता पट्टे गोळा करू लागला. "हितूचं नंतर करू. नेक्स्ट टाइम." हितूने त्याला वायरी नीट गुंडाळून दिल्या. लिओनार्ड दारात जरा घुटमळला, मग गेला.

हितूने चहा केला. आम्ही जेवणाच्या काचेच्या टेबलाशी बसलो होतो. अचानक तो म्हणाला, "ताई, तू चालतेस तेव्हा तुझी टाच आधी भांडते, मग जमीन जागा देते." आणि दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली. टक, टक. मीच! साडीची घाई, ताठ पाठ, सगळं त्या दोन बोटांत होतं. जुलैतल्या त्या लिफाफ्यानंतर पहिल्यांदा.

मी उठले, कोरा कागद आणला, पेन्सिलीला टोक केलं, दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं आणि दुसरीकडे बघत माझा चहा प्यायले.

तो कागदाकडे बघत होता. मग त्याने आपला कप टेबलावरून उचलला आणि कागदावर ठेवला.

"काचेला डाग पडतात," तो म्हणाला.

पडतात, हे खरं आहे.